आत्याच्या हातचं बोलणं

हॉस्पिटलच्या कागदावर सही करण्याइतकी ती मोठी नव्हती, पण आत्याची पापं ऐकण्याइतकी होती. सकाळी काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म तिच्या हातून परत घेतला आणि म्हणाल्या, "अठरा पूर्ण नाहीत ना? मग वडिलांना पाठव." आणि दुपारी चर्चच्या फादरांनी तिला वॉर्डाच्या दारात गाठून विचारलं, "उद्या ऑपरेशन आहे. तुझ्या आत्याला त्याआधी पापनिवेदन करायचंय. तू मध्ये बसशील का?" म्हणजे कायद्याच्या लेखी पोर आणि देवाच्या लेखी बाई. दोघांनी आधी आपसांत काय ते ठरवून घ्यायला हवं होतं.

आत्या जन्मापासून बहिरी. ती हातांनी बोलायची, आणि तेही शाळेत शिकवतात तसं नाही. घरातल्या घरात वर्षानुवर्षं जमत गेलेल्या खुणा होत्या त्या. ही भाषा पुरती येणारं माणूस जगात एकच, ते म्हणजे ही मुलगी. आई गेली तेव्हा ती पाळण्यात होती. आत्याच्या मांडीवर वाढली, त्यामुळे वाचा फुटायच्या आधी तिचे हात बोलायला लागले होते. बाबांना बहिणीच्या खुणा येत त्या कामापुरत्या: कात्री, चहा, झोप, उशीर. थोरल्या भावाला, दादाला, जरा जास्त. बाकी सगळा कारभार मुलीमार्फत चाले. दुकानात, दवाखान्यात, चर्चमध्ये आत्याची बाजू मांडायला हीच कंबर कसून पुढे, म्हणून दादाने तिचं नाव ठेवलं होतं वकीलबाई. ते चिकटलं ते चिकटलंच. आपणही तेच वापरू.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर फादरांनी तिला नियम समजावला. हे फादर नवे होते. चर्चमध्ये येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं, आणि बोलायचे ते तोलूनमापून.

"तिथे जे ऐकशील ते तुझं नाही," ते म्हणाले. "मध्ये बसणाऱ्यालाही गुप्ततेचं बंधन असतं. घरी बोलायचं नाही, मैत्रिणीला सांगायचं नाही. कुणालाच नाही."

"आणि आत्याशी?"

"तिने स्वतः विषय काढला तर. नाहीतर तिच्याशीही नाही."

"तुमच्याशी?"

"माझ्याशीही नाही." ते किंचित हसले. "बाहेर पडलो की मीसुद्धा विसरतो. निदान तसं वागतो. जमेल तुला? नाही म्हणालीस तरी त्यात कमीपणा नाही. तिला लिहूनही देता येईल."

लिहिण्याचं आत्याने आधीच उडवून लावलं होतं. कागद मागे राहतो, असं तिचं म्हणणं. शिवाय तिला लिहिता येई ते स्वतःचं नाव आणि कपड्यांची मापं, एवढंच. वकीलबाईने मान डोलावली. असून असून आत्याची काय पापं असणार, असं तिला वाटलं.

सुरुवात तशीच झाली. पलंगाभोवतीचा हिरवा पडदा ओढून घेतला, फादरांनी गळ्यात जांभळी पट्टी घातली, आणि आत्याने हात मांडीलगत चादरीच्या काठाशी आणले. मोठ्याने बोलायचं नसलं की ती अशा छोट्या खुणा करायची. वकीलबाई फादरांच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजत होती. "ती म्हणते" असं नको, "मी" म्हण, असं त्यांनी बजावलं होतं. त्यामुळे "मी शेजारणीच्या नव्या पडद्यांचा हेवा केला", "मी मिस्सेत प्रवचन चालू असताना झोपले", "मी भावाला मनातल्या मनात गाढव म्हणाले" हे सगळं तिने गंभीर चेहऱ्याने सांगितलं. प्रवचनाचं ऐकून फादरांच्या भुवया जरा हलल्या. हसू दाबता दाबता वकीलबाईच्या नाकी नऊ आले.

मग आत्याने उजव्या हाताची मूठ केली आणि मांडीवरून पुढे-मागे फिरवली. इस्त्री.

त्या एका खुणेने वकीलबाईचं हसू कुठल्या कुठे गेलं. तिच्या घरात शिवणकामातला कुठलाच शब्द आता कुणी सहज उच्चारत नसे. बाबांचा शिवणकामाचा कारखाना होता, एका खोलीचाच, पण स्वतःचा. शाळांचे गणवेश, चर्चमधल्या गायकांचे झगे, लग्नाचे कोट. बाबा कापायचे, दादा शिवायचा, आत्या इस्त्री करायची. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो जळाला. कापायचं मोठं टेबल, मशीनं, लोकांचे कपडे, सगळं. मशीन वाचवायला आत घुसलेल्या बाबांचे दोन्ही हात भाजले. बोटं पुन्हा नीट वळली नाहीत, आणि कात्री कायमची सुटली. मागच्या खिडकीखाली सिगारेटचं थोटूक सापडलं. सिगारेट ओढणारा घरात एकच. दादा म्हणाला, मी विझवली होती. बाबा म्हणाले, माझ्या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाही. दादा गेला तो गेलाच.

"गायकांचे झगे होते," आत्याचे हात सांगत होते आणि वकीलबाईचं तोंड म्हणत होतं. "मी एकटीच होते. खिडकीतून लोक चर्चकडे निघालेले दिसले, तेव्हा कळलं, उशीर झाला. मी तशीच उठले. इस्त्री उभी केली नाही, बंदही केली नाही. कोपऱ्यावर गेल्यावर आठवलं. वाटलं, कुणीतरी मागून येईलच, तो बघेल. मी परत फिरले नाही."

वकीलबाई तिथेच अडली. फादर हळूच म्हणाले, "पुढे?"

"मी आले तेव्हा सगळं जळत होतं. कुणी मला काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही."

एवढंच. आत्याचे हात चादरीवर पडले.

वकीलबाईच्या जिभेच्या टोकावर पुढचं वाक्य तयार होतं: त्यापायी माझा भाऊ घराबाहेर आहे, फादर. त्यांना आगीचं काही माहीत नव्हतं, आणि आत्याला ऐकू येत नव्हतं. तिने पदरचं काय घातलं ते कुणाला कळलंही नसतं. पण आत्या तिच्या ओठांकडे बघत होती, आयुष्यभर बघत आली तशी, पुरत्या विश्वासाने. वकीलबाईने ते वाक्य गिळलं.

आगीत कुणाला इजा झाली का, असं फादरांनी विचारलं. "माझ्या भावाचे हात," आत्या म्हणाली. दुसऱ्या कुणाचं नाव तिने घेतलं नाही, आणि याचीच वकीलबाईला चीड आली. फादर म्हणाले, "जमेल तेव्हा भावाला खरं सांगून टाका. त्याच्यासाठी, आणि स्वतःसाठीही." आत्याने मान डोलावली. मग त्यांनी हात उचलून पापक्षमेची प्रार्थना म्हटली. आत्याचा चेहरा उजळला, आणि वकीलबाई पडदा सरकवून आधी बाहेर पडली.

ऑपरेशन चांगलं झालं. आत्या घरी आली, खिडकीजवळच्या खुर्चीत पाठीशी दोन उशा घेऊन बसली, आणि वकीलबाई वाट बघायला लागली. आज सांगेल, उद्या सांगेल. बाबा कामावरून परत येत. दुसऱ्या कुणाच्या तरी कारखान्यात ते आता नुसते देखरेख करायचे. इतरांच्या हातातल्या कात्र्या बघायच्या आणि घरी यायचं. बहिणीच्या समोर स्टूल ओढून ते तिच्या टाक्यांची चौकशी करत. वकीलबाई मध्ये उभी राहून इकडचं तिकडे करी, आणि प्रत्येक वेळी तिचा जीव टांगणीला लागे. आत्याचे हात उठायचे. ती विचारायची: सूपमध्ये मीठ का नाही? खिडकी कुणी लावली? आणि पुन्हा जपमाळ हातात घ्यायची.

वकीलबाईच्या तळपायाची आग मस्तकात जाई. ती भांडी आपटायची, दारं आपटायची. बहिऱ्या माणसावर राग काढायचा हा काही शहाणा मार्ग नव्हे. आत्याला पत्ताही नसायचा, आणि बाबाच "डोकं फिरलंय का तुझं?" म्हणून ओरडायचे. मग ती आत्याच्या चहात साखर घालायची विसरायची, मुद्दाम. आत्या तोंड वाकडं करून तो चहा पिऊन टाकायची आणि वर तिचा गाल कुरवाळायची. त्या कुरवाळण्याने तर तिला रडूच फुटायचं. जिने न्हाऊमाखू घालून वाढवलं तिचाच तिटकारा यावा याची तिला लाज वाटे, आणि लाज वाटली की राग आणखी चढे.

अशात दादाचा फोन आला. तो दूरच्या शहरात एका मोठ्या कारखान्यात शिवण मारत होता. आता त्याला एका प्रवासी जहाजावर शिंप्याची नोकरी लागली होती, आणि एकदा गेला की वर्षानुवर्षं परतायचं नाव नव्हतं.

"रविवारी येतो. आत्याला बघतो आणि निघतो," तो म्हणाला. "बाबांना सांगून ठेव."

"तूच कर की फोन त्यांना."

"मी? मग तू वकील कशाला आहेस?" तो हसला, पण त्या हसण्यात काही जीव नव्हता. जरा वेळाने म्हणाला, "एक सांगू? हल्ली मलाच वाटतं, माझ्याच हातून झालं असेल."

"काय?"

"आग. मी विझवली होती असं वाटतं. पण खरंच विझवली होती का? इतक्या वेळा मनातल्या मनात विझवलीय की खरी कुठली आणि मनातली कुठली, तेच कळेनासं झालंय. बाबांचे हात आठवले की झोप उडते. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

"तुला काय वाटतं?"

वकीलबाई दोन्ही हातांनी फोन धरून उभी होती. तिने दात इतके आवळले की कान दुखायला लागले. तू नाही केलंस. एवढे तीन शब्द, आणि भावाला त्याची झोप परत मिळाली असती. पण आगीच्या वेळी ती चौदाची होती, आणि खरं सांगायचं तर तेव्हा तिनेही थोटकावरच विश्वास ठेवला होता. आज जे माहीत होतं ते पडद्याआडचं होतं. ते तिचं नव्हतं.

"तू ये रविवारी," ती म्हणाली.

पलीकडे दादाने फोन ठेवला. या उत्तराचा त्याने काय अर्थ घेतला असेल हे न कळण्याइतकी ती लहान नव्हती.

संध्याकाळी जेवताना तिने बाबांना सांगितलं. बाबांनी चमचा खाली ठेवला. वाकड्या बोटांनी तो पुन्हा उचलायला त्यांना वेळ लागे, म्हणून ते जेवताना सहसा चमचा सोडत नसत.

"त्याला सांग, मी घरात नसताना ये आणि जा. मी असताना दारात उभा राहिलास तर हे हात तुझ्या तोंडासमोर धरीन. सांग, तुझ्या एका सिगारेटची ही कमाई."

आत्याने ताटावरून मान वर केली. दोघांचे चेहरे बघून तिने बोटं हलवली: काय झालं?

वकीलबाईचे हात आपोआप उठले: काही नाही. कामाचं बोलतायत.

आणि ते हात तसेच हवेत राहिले.

काही नाही. कामाचं आहे. नंतर सांगते. बहिऱ्या माणसाच्या घरात ही वाक्यं दिवसभर फिरत असतात, आणि सांगणाऱ्याला वाटतं, आपण किती सांभाळून घेतो. दादा घर सोडून गेला त्या दिवशीही आत्याने हेच विचारलं होतं: हा कुठे निघाला? हे का ओरडतायत? दादा दारातून म्हणाला होता, "आत्याला काही सांगू नकोस, तिला सोसायचं नाही." आणि वकीलबाईने डोळे पुसून, ओढूनताणून हसून, हातांनी सांगितलं होतं: त्याला दुसऱ्या शहरात चांगलं काम मिळालंय. बाबांना तो जायला नकोय, म्हणून चिडलेत. आत्याने भावाचा राग मनावर घेतला नव्हता आणि भाच्यासाठी मेणबत्ती लावली होती. त्याआधी, आग कशाने लागली असं सगळे म्हणतात, हे तिने विचारलं तेव्हा वकीलबाईने सांगितलं होतं: तारा जळाल्या. दादाचं नाव त्यात यायला नको म्हणून.

नंतर कधीतरी आत्याला खरं कळलंच असेल, असं ती धरून चालली होती. एका घरात राहून कळणार नाही कसं? पण कळायचं कुठून? ऐकणाऱ्याला घरातल्या गोष्टी भिंतीपलीकडून, फोनवरच्या अर्ध्या बोलण्यातून, आपसूक कळत जातात. आत्याला कळायची एकच वाट होती, आणि त्या वाटेवर ही स्वतः ठाण मांडून बसली होती. आत्याने दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नव्हतं, कारण तिच्या लेखी दुसरं कुणी नव्हतंच.

वकीलबाईने ताट बाजूला सारलं. इतके दिवस ती जिच्यावर दातओठ खात होती तिला काहीच माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसण्याची सगळी व्यवस्था हिचीच होती. आत्याने तिच्या ताटाकडे बोट दाखवलं: जेव ना, गार होतंय.

आता सरळ सांगून टाकावं? खोटं तिचं होतं, ते निस्तरायचा हक्कही तिचाच. पण तीन वर्षं सुचलं नाही ते आजच का सुचावं? पडद्याआड ऐकलं म्हणूनच ना? म्हणजे तिथलं उचलून इथे वापरल्यासारखंच की. तिने हे इकडून लावून पाहिलं, तिकडून लावून पाहिलं, आणि डोकं धरून बसली. फादरांना विचारायची वाट त्यांनीच बंद केली होती. पुढचे काही दिवस ती आत्यासमोर गेलीच तर हात पाठीमागे बांधून जायची. आत्या तिच्याकडे बघत राहायची, विचारायची, बरं नाही का? ती मान हलवून सटकायची.

रविवारी मिस्सेहून आल्यावर बाबा रोजच्या ओळखीच्यांकडे बसायला जात. त्या रविवारी ते गेले नाहीत. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. ते दाराजवळच्या स्टुलावर बसून बूट पुसत राहिले, आधीच स्वच्छ असलेले.

दाराची घंटा दाबली की आत्यासाठी वर एक दिवा लागायचा. तो लागला. आत्या हसून खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागली. वकीलबाई पुढे धावली, पण बाबांनी बसल्या जागेवरून हात लांबवून दार उघडलं होतं.

जिन्यात दादा उभा होता. खांद्यावर बॅग. वाळला होता.

"बाबा."

"आत यायचं नाही."

"आत्याला भेटतो. पाच मिनिटं."

"पाच मिनिटं!" बाबा उठून उभे राहिले. "माझी उभी हयात जळायला तेवढीच लागली होती. एक थोटूक आणि पाच मिनिटं."

"मी विझवली होती."

"मग आग काय आकाशातून पडली? तोंड वर करून सांगतोयस. बघ, बघ हे हात. शिंप्याचे हात आहेत हे? माझा कारखाना जाळलास आणि वर भेटायला येतोस! घराबाहेर काढलं तेव्हाच तू मेलास मला."

"बाबा, जिन्यात लोक आहेत."

"असू देत!"

वरच्या मजल्यावर कुणीतरी दार किलकिलं केलं. आत्या अर्धवट उठलेली, एक हात पोटावरच्या टाक्यांवर, एकदा भावाच्या पाठीकडे, एकदा भाच्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग तिने वकीलबाईकडे पाहिलं आणि मोकळा हात हलवला: काय झालं? का भांडतायत?

दादाने ते पाहिलं. त्याने घाईने मान हलवली: नको. बाबा मागे न बघता म्हणाले, "तिला आत घेऊन जा."

आत्याने विचारलं होतं. आणि हे काही पडद्याआडचं नव्हतं. भर दिवसा, दार सताड उघडं टाकून, अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं बोललं जात होतं. गुपित होतं ते फक्त आत्यापुरतं. वकीलबाई दोघांच्या मध्ये, आत्याला नीट दिसेल अशी उभी राहिली आणि तिने हात वर केले.

तिने सगळं सांगितलं. थोटूक, पाच मिनिटं, शिंप्याचे हात. माझा कारखाना जाळलास. घराबाहेर काढलं तेव्हाच तू मेलास मला. बाबांचं बाबांसारखं, दादाचं दादासारखं, एकही धार बोथट न करता. स्वतःचं त्यात काही घातलं नाही. हे बरोबर होतं की चूक, तिला तेव्हाही खात्री नव्हती, आणि पुढेही कधी पुरती झाली नाही.

आत्याच्या चेहऱ्यावरचं हसू कधीच गेलं होतं. तिने दोन बोटं ओठांना लावली, मग दोन्ही हातांनी वर उसळणाऱ्या ज्वाळा केल्या, आणि भाच्याकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या: सिगारेट? आग? हा? एवढ्या खुणा कळायला वकिलाची गरज नव्हती. बाबांनाही कळल्या.

वकीलबाईने मान डोलावली: ते तसं म्हणतात.

आत्याने पोटावरचा हात काढला. उजव्या हाताची मूठ केली आणि खोलीच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी, हवेत पुढे-मागे फिरवली.

"इस्त्री मी चालू ठेवून गेले होते," वकीलबाई म्हणाली. बाबांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग वळून बहिणीकडे. "आडवी टाकून गेले. कोपऱ्यावर आठवलं, तरी परत फिरले नाही. तुझे हात माझ्यामुळे भाजले. तारा जळाल्या असं सगळे समजतात, तर समजू देत, असं मला वाटलं. याच्यावर आलंय हे मला माहीत नव्हतं. देवाशपथ, मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी..." आत्याचे हात इतके भरभर चालले होते की एकमेकांवर आपटत होते, आणि वकीलबाईचा आवाज त्यांच्यामागे फरफटत होता. मग हात थांबले, तशी तीही थांबली.

बाबा स्टुलावर बसले.

"म्हणजे विझवली होती मी," दादा म्हणाला. तो कुणाशीच बोलत नव्हता. चौकटीला कपाळ टेकवून तो पुन्हा म्हणाला, "विझवली होती. खरंच विझवली होती."

आत्या मात्र वकीलबाईकडे वळली होती. आता तिचे हात सावकाश चालत होते, एकेक खूण सुटी सुटी करून, लहान मुलाला शिकवावी तशी. बाबांनी मान वर न करताच विचारलं, "काय म्हणतेय ती?"

काहीही सांगता आलं असतं. त्या खोलीत ते पुरतं कळणारं तिसरं माणूस नव्हतं.

"बहिरी मी जन्माची आहे," वकीलबाई म्हणाली, "पण मूर्ख मला या मुलीने बनवलं. काम मिळालं, हे मला हिने सांगितलं. तारा जळाल्या, हेही हिनेच. माझ्या घरात काय चाललंय ते मला कळू द्यायचं की नाही, हे हिने ठरवलं. तीन वर्षं."

दादाने मान उचलून तिच्याकडे पाहिलं. तिने एकही शब्द गाळला नाही. "मीच सांगितलं होतं तिला," दादा म्हणायला गेला, "मीच म्हणालो होतो की—"

"हात माझे होते," वकीलबाई म्हणाली.

मिस्सेत ‘माझा अपराध’ म्हणताना मारतात तशी तिने मूठ छातीवर मारली, एकदा, दोनदा. आत्याने पाहिलं. एरवी तिने लगेच जवळ घेतलं असतं, गाल कुरवाळला असता. आज तिने तसं केलं नाही. ती खुर्चीत बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली, आणि वकीलबाईने ते पदरात घेतलं, कारण ते तिचंच होतं.

बाबांचा आवाज आला. मान खाली, नजर बुटांवर.

"पोरी," ते म्हणाले, "त्याला सांग..."

वकीलबाई सवयीने वळली. तीन वर्षं हेच चाललं होतं: त्याला सांग, त्यांना सांग. निरोप पोचवता पोचवता ती दोघांमधली भिंत होऊन बसली होती. ती थांबली.

"बाबा, त्याला ऐकू येतं," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा."

आणि ती मधून बाजूला झाली. आत्याच्या खुर्चीशी जाऊन, तिला दिसेल अशी, हात तयार ठेवून उभी राहिली. आत्याने खिडकीकडची मान वळवली.

बाबांनी वाकडी बोटं गुडघ्यांवर घासली. मग मान वर करून त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"मी चुकलो," ते म्हणाले.

दादाने बॅग खांद्यावरून उतरवली, पण उंबऱ्याच्या बाहेरच. "पुन्हा सांगा," तो म्हणाला.

बाबांनी पुन्हा सांगितलं. वकीलबाईने दोन्ही वेळा ते जसंच्या तसं आत्याला सांगितलं.